निळा क्रेट

तळहात जरा पुढे करा. आता कल्पना करा, त्यावर आज सकाळीच अंड्यातून बाहेर आलेलं कोंबडीचं पिल्लू आहे. वजन जवळजवळ नाहीच. नुसती ऊब, आणि त्या उबेच्या आत धडधडणारं काहीतरी. मूठ आवळायची नाही हं. धरलंत नीट? मग ऐका.

असं एक पिल्लू एका मुलीच्या हातात होतं. तिला सगळे खारूताई म्हणत, कारण तिचं तोंड आणि तिचे हात कधी थांबतच नसत. सुट्टीत ती मावशीकडे राहायला आली होती. मावशी अंडी उबवण्याच्या केंद्रात कामाला होती.

खारूताईने नुकतंच मटण-चिकन सोडलं होतं, आणि त्याचा ताप मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, होत होता. ते जेवायला बसले की ही समोर बसून त्यांच्या ताटातल्या तंगडीची चौकशी करायची. हिचं वय काय असेल, हिला कधी पळायला मिळालं का. काका म्हणत, "आणि तुझं ऑम्लेट काय झाडाला लागलं?" तिचं उत्तर तयार असे. "अंड्यासाठी कुणाला मरावं लागत नाही, काका."

त्या दिवशी नाश्त्याला ऑम्लेट खातानाही ती तेच म्हणाली. काका हसले. मावशी मात्र कप विसळायला उठली.

मग हट्ट धरून खारूताई मावशीबरोबर कामावर गेली. पांढरा कोट गुडघ्यांखाली लोंबत होता, टोपी भुवयांवर आली होती. टेबलावर दिव्याचा झोत, आणि चिवचिवाट एवढा की बोलायचं तर कानाशीच. मावशीने एक पिल्लू उचलून त्याचा इवलासा पंख बोटाने उलगडून दाखवला. कडेची पिसं लांब-आखूड असली तर मादी, सगळी सारखी असली तर नर. मादी पिवळ्या क्रेटमध्ये, नर निळ्या.

खारूताईला ते चटकन जमलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई मावशीला म्हणाल्या की आता तुझी नोकरी काही टिकत नाही. खारूताई अशी फुलली की विचारू नका. प्रत्येक पिल्लाला हळूच सांगायची, "चल, तू इकडे. तू तिकडे." निळा क्रेट काठोकाठ भरला.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. पिवळे क्रेट बाहेरच्या गाडीत चढत होते. निळे मात्र कोपऱ्यातल्या बंद दाराकडे जात होते.

ते कुठे चालले, असं तिने विचारलं. घरी गेल्यावर सांगते, असं मावशी म्हणाली. खारूताईने पुन्हा विचारलं. तेव्हा मावशी वाकली. पिवळ्यातल्या मोठ्या होऊन अंडी घालतील, नर घालत नाहीत, आणि या जातीच्या अंगावर मांसही फारसं चढत नाही, म्हणून त्यांना कुणी वाढवत नाही, असं तिने सांगितलं.

"मग?"

मावशी स्वतःच्या हातमोज्यांकडे बघत राहिली. "त्या खोलीत गॅस असतो. झोपवतात त्यांना."

"आणि उठतात कधी?"

"उठत नाहीत."

खारूताईचे हात थांबले. तिने निळ्या क्रेटकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. किती भरभर केलं होतं तिने सगळं.

"सकाळी का नाही बोललीस?"

"तू खात होतीस गं," मावशी म्हणाली.

निळा क्रेट न्यायला मावशीने एका बाजूने धरला. खारूताईच्या हातात अजून एक पिल्लू होतं. तिने त्याचा पंख उलगडून पाहिला नाही. ते तसंच अलगद कोटाच्या खिशात ठेवलं. मग क्रेटची दुसरी बाजू तिने दोन्ही हातांनी धरली. मावशीला वाटलं, पोर हातभार लावतेय. पण क्रेट हलेना.

"सोड बाळा."

"ही मी निवडलीत," खारूताई म्हणाली, आणि क्रेट पोटाशी ओढून ती तिथेच फरशीवर फतकल मारून बसली.