दुपारची झोप

मैत्रेय शहाण्यासारखा झोपायला लागला आणि माझी झोप उडाली.

आठ महिन्यांचं बाळ झोपलं तर आईने हुश्श म्हणायचं असतं. पण मी संध्याकाळी पोस्टातून घरी यायची तेव्हा तो नुसता झोपलेला नसायचा, गळालेला असायचा. उचलला की मान माझ्या खांद्यावर टाकायचा, पापण्या अर्ध्या उघडायचा, मिटायचा. एरवी माझ्या चपलांचा आवाज आला की पाय झाडणारा पोरगा आता दूध तोंडात धरून चोखायचंच विसरे. रात्रीपर्यंत हळूहळू ताळ्यावर येई, हसे, माझं नाक ओढे. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

दिवसभर तो आईंजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ असे. माझा नवरा सुगत अकोल्याला कृषी विद्यापीठात, घरी शनिवारी येणार. माझी बाळंतपणाची रजा संपली तशा आई कौंडण्यपूरकडच्या गावाहून आमच्याकडे अमरावतीला राहायला आल्या होत्या. न बोलावता, स्वतःहून. तेव्हा मला त्याचं किती बरं वाटलं होतं.

डिसेंबर अर्धा सरला आणि थंडीने असा जोर धरला की सकाळी नळाखाली धरलेली बोटं आपली वाटेनात. शाळा उशिरा भरू लागल्या. मला सर्दी झाली, गोळ्यांचं पाकीट आणलं तर ते दोन दिवसांत कुठेतरी हरवलं. चौकात वरुडच्या संत्र्यांच्या ढिगाशेजारी नाताळच्या कागदी चांदण्या नि लाल टोप्या विकायला आल्या, आणि विकणाराच त्यातली एक टोपी कानांवर ओढून बसलेला. मी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, दाराखाली जुना टॉवेल सारला. आईंनी गावाहून लोखंडी शेगडी मागवली. सकाळी न्हाणं झालं की बाळाला ओव्याचा शेक द्यायचा आणि मग ती लाल कोळशांची शेगडी खोलीत तशीच ठेवायची. संध्याकाळी मी आले की ती अंगणात जाई. धूर नाही, काही नाही, मऊ ऊब. बाळ गारठू नये, एवढ्या एका गोष्टीवर आम्हा दोघींचं एकमत होतं.

संशय आला तो त्यांच्याच एका बोलण्यावरून. तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या होत्या, "सुगत तं दिवसभर वावराच्या धुऱ्यावर झोपून राहे. मी कापूस वेचो, हा निंबाखाली. कधी कुरकुर नाही केली बापा." त्या कौतुकाने सांगत होत्या. मला मात्र माझी आजी आठवली. ती सांगायची, मजुरीला जाणाऱ्या बाया लेकराला कणभर अफू चाटवत, म्हणजे ते बांधावर निजून राही आणि दिवसाचा रोज बुडत नसे.

त्या दिवसापासून मी घरी आले की आधी बाळाच्या तोंडाचा वास घेऊ लागले. दुधाचा, ओव्याचा, त्याच्या स्वतःचा. दुसरा कुठला नाही.

रविवारी मी घरी असे. आम्ही दिवसभर अंगणात उन्हाला बसत असू, आणि त्या दिवशी पोरगा टक्क जागा. म्हणजे मी समोर असले की झोपत नाही, नसले की झोपतो. आणखी काय पुरावा हवा होता मला? आई डोक्याला फडकं बांधून, डोकं ठणकतं म्हणत बसायच्या, तेही मला नाटक वाटू लागलं.

एकदा त्या शेजारी शकुनकडे गेल्या असताना मी त्यांची कापडी पिशवी उघडली. डबीत काळ्या गोळ्या होत्या. एक जिभेवर ठेवली. सुंठ आणि गूळ. क्षणभर लाज वाटली, पण सुंठेच्या तिखटाखाली काय काय लपवता येईल याचाच विचार मी मग रात्री करत राहिले. सुगतला फोनवर सांगितलं तर तो जरा थांबला आणि म्हणाला, थंडीनं झोपतात लेकरं, तू डोक्यात काही घेऊ नको. त्याचं ते थांबणंही मला खटकलं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात आभाळ आलं. ऊन गेलं, वारा सुटला. मी कुणाला न सांगता रजा टाकली. कामावर न जाता मी खोलीत येऊन बसले तेव्हा आईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी ठरवूनच बसले होते. बाळ माझ्या मांडीवरून खाली ठेवायचं नाही, दूध फक्त माझं. त्यांनी चहा केला, तो मी घेतला नाही. माझा मी वेगळा केला.

"आज माह्या हातचा चहा नाही चालत काय?"

मी म्हटलं, साखर कमी हवी होती.

मग दोघी शेगडीच्या दोन बाजूंना बसलो. त्या शेंगा सोलत होत्या, मी त्यांच्या हातांवर नजर ठेवून. दुपार चढली तसे ते हात मंदावले. मैत्रेय मांडीवर झोपला. माझं डोकं जड झालं, कपाळात ठणका, पोटात ढवळल्यासारखं. वाटलं, जरा टेकावं. टेकता टेकता मनात आलं, यांनी मलाही काही दिलं की काय.

पण मी त्यांच्या हातचं काहीच घेतलं नव्हतं. पाणीसुद्धा. आणि बाळ तर सकाळपासून माझ्याच अंगावर होतं.

मग आम्ही दोघं का झोपतोय?

समोर आईंची मान छातीवर पडली होती, शेंगा ओटीतून सांडलेल्या. शेगडी लाल. खिडकीला माझीच चिकटपट्टी. दाराखाली माझाच टॉवेल.

उठले तर पाय माझे नव्हते. बाळाला छातीशी धरून भिंतीच्या आधाराने दारापर्यंत गेले, कडी काढली आणि अंगणात येऊन बसकण मारली. गार वारा तोंडावर आला. मैत्रेयला हलवलं, तळपाय चोळले, नाव घेत राहिले. तो रडला. इतका बारीक, इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. शकुन धावत आली, तिच्या हातात त्याला दिलं आणि मी परत आत गेले. आई उठेनात. "झोपू दे मले," एवढंच. दोन्ही काखांत हात घालून मी त्यांना ओढत बाहेर आणलं.

दवाखान्यात तिघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीतली कोळशाची शेगडी. धूर दिसत नाही, पण जो वायू निघतो तो माणसाला झोपवतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं, म्हणाले.

संध्याकाळी आईंनी मास्क बाजूला केला. "तुही ते सर्दीची गोळी," त्या म्हणाल्या. "मले वाटे, दुधातून पोराले चढते. म्हून मी ते पाकीट लपवलं. सुगतले सांगतलं बी, का तुही बायको पोराले झोपवून राह्यली."

मीही माझा मास्क काढला. म्हटलं, मीपण सुगतला सांगितलं होतं. तुमच्याबद्दल.

"मले मालूम हाये. माह्या पिशवीची गाठ तू उलटी मारली."

मग म्हणाल्या, "अन् तो दोघींचंबी आयकून चुप बसला. येऊ दे त्याले."

तो आला, दोघींचं ऐकून घेतलं, मान खाली घालून उभा राहिला. पंचवीस डिसेंबरला बुद्धविहारातल्या मनुस्मृती दहन दिनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो नाही. घरातल्या पट्ट्या काढल्या. शेगडी शकुनने तिच्या परसात नेऊन उपडी टाकली. आई म्हणाल्या, मी गावी जातो, मले आता लेकराची जोखीम घ्यायची भीती वाटते. भीती मलाही वाटत होती. त्यांची नाही, दार बंद असलेल्या प्रत्येक खोलीची. पण ज्या बाईने माझ्यावरसुद्धा नजर ठेवली होती, तिच्याहून जास्त डोळे उघडे ठेवून माझ्या बाळाला कोण सांभाळणार होतं?

मी म्हटलं, थंडी ओसरेपर्यंत तरी राहा.

कामावर जायच्या सकाळी मैत्रेयला दोन स्वेटर, टोपी, वर माझी शाल गुंडाळली आणि आईंच्या मांडीवर दिलं. खिडकी सताड उघडी, खोली गारठलेली. फाटकाशी जाऊन मी वळले. त्याही खिडकीतून माझ्याकडेच बघत होत्या, बाळाचा हात हातात धरून.

"जा नं बाई," त्या म्हणाल्या. "जागा हाये तो."

मी तरी थोडा वेळ उभी राहिले. मग गेले.