कवा येई

आठ वर्षांच्या पोरीशी फोनवर बोलायचं काय, हे जगात कुणी शिकवत नाही. ज्याचं त्यालाच शिकावं लागतं, आणि या गृहस्थाला ते काही केल्या जमत नव्हतं.

"जेवलीस का?"

"हो."

"काय जेवलीस?"

"जेवण."

"शाळा काय म्हणते?"

"काही नाही."

मग तिकडे टीव्हीचा आवाज आणि इकडे याचा श्वास. दर रविवारी हेच. पोरीचं नाव लाडाने टिंगी. आईबाप वेगळे झाले, आई तिला घेऊन दूरच्या शहरात गेली, आणि बापाच्या वाट्याला रविवारचा फोन आला. भेट फक्त शाळेच्या मोठ्या सुट्टीत, असं ठरलेलं. आता पोरीचा यात काय दोष? समोर दिसत नाही त्या माणसाला सांगणार तरी काय, कपाळ!

त्या रविवारी टिंगीने फोन ठेवलाच नाही, थेट आईच्या हातात दिला. आई म्हणाली, "हे बघ, राग मानू नकोस. तिला ओढून फोनवर आणावं लागतं मला. आता रविवारचं बंधन नको. तिला वाटेल तेव्हा ती करेल."

वाटेल तेव्हा. म्हणजे कधी, ते न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसला. खोलीत एक पलंग, एक शेगडी, एक खुर्ची. खुर्चीवर बसणारं कुणी नव्हतं, म्हणून तिच्यावर कपडे बसायचे.

धंदा त्याचा स्टेन्सिल कापायचा. पातळ पत्र्यात अक्षरं कापायची, मग तो पत्रा खोक्यावर, फाटकावर, भिंतीवर धरून वरून रंग मारला की अक्षर उमटतं. 'सावधान', 'आत येऊ नये', 'हात लावू नये'. दिवसभर लोकांना लांब ठेवणारे शब्द कापायचे आणि संध्याकाळी खोलीवर यायचं. गल्लीत सगळे त्याला स्टेन्सिलवालाच म्हणत. खरं नाव घरमालकाला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे.

त्याच्या कारखान्याला लागून झेरॉक्सचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या झेरॉक्सबाई म्हणजे तोंडाचा पट्टा. एकदा तो अक्षरं मोठी करून घ्यायला गेला, तर मशीन भराभर पानं ओकत होतं. पानावर पावाचा तुकडा. पावाला डोळे. पावाला गाल! शेजारी झोपाळलेला ढग, आणि कपात बसलेली मांजर.

"हे काय थेर, बाई?"

"थेर काय, रंगवायची चित्रं आहेत. जपानी पद्धतीची. आया रांग लावून नेतात. याला कावाई म्हणतात."

"कवा येई?" तो म्हणाला.

बाई खो खो हसल्या. "अहो, कवा येई नाही, का-वा-ई! कावाई म्हणजे गोड. पण नुसतं गोड नाही हं. जे बघितल्यावर उचलून जवळ घ्यावंसं वाटतं ना, ते. डोळे खाली आणि एकमेकांपासून लांब काढायचे, कपाळ मोठं, गाल गोल. तोंड एवढंस्सं, नाहीतर काढायचंच नाही."

"तोंड नाही? मग ते हसतंय की रडतंय, कळणार कसं?"

"जो बघेल त्याच्या मनात असेल तसं. आणि हे पोरांपुरतंच नाही बरं का. रस्ता खणला की आपल्याकडे तुम्ही 'सावधान'चा पत्रा लावता. त्यांच्याकडे पाटीवरचा माणूस कमरेत वाकून माफी मागतो, आणि रस्ता अडवणारी आडवी दांडी प्लास्टिकचे बेडूक धरून उभे असतात."

स्टेन्सिलवाल्याने नाक मुरडलं. पण तो पाव डोक्यातून जाईना. संध्याकाळी त्याने पेन घेतलं आणि पाव काढला, गालवाला. पावाच्या हातात छत्री दिली, का कोण जाणे. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो कॉम्प्युटरवर घेतला. "फाइलला नाव काय देऊ?" असं स्वतःच विचारून स्वतःच हसत 'कवा येई' असं टाइप केलं, आणि पाव टिंगीच्या टॅबवर गेला.

आणि फोन वाजला! रविवार नाही, काही नाही. टिंगीचा, तिच्या मनाने.

"बाबा! मी पावाला गुलाबी केलं तर सगळं पानच गुलाबी झालं! छत्री पण, आभाळ पण!"

टॅबवर रंगाची बादली असते. बोट टेकवलं की रंग रेघेपर्यंत भरतो. पण रेघेत कुठे फट राहिली, तर तिथून सांडतो आणि पानभर होतो. मग दोघांनी मिळून फट शोधली. तो इकडे कागद धरून, ती तिकडे टॅब धरून. "डाव्या कानापाशी बघ." "पावाला कान नसतात, बाबा!" "अगं, कोपऱ्यापाशी." "नाहीये. थांब, थांब, सापडली!" भाजीची कढई करपली तरी त्याला पत्ता नव्हता.

मग टिंगी म्हणाली, "तू फट का ठेवलीस पण?"

याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. "अगं, ती फट नाही, जोड आहे. पत्र्यात शून्य कापलं आणि रेघ पूर्ण फिरवली, तर मधली टिकली टपकन खाली पडते. म्हणून रेघ कधी पुरी करायची नाही. जरासा जोड ठेवायचा, त्यावर मधलं टिकून राहतं. हाताला सवय लागलीय माझ्या."

"मग इथे नको ना ठेवूस," टिंगी म्हणाली. शहाणी!

पुढचं चित्र त्याने डोळ्यांत तेल घालून काढलं. कपातली मांजर, एकूण एक रेघ बंद. टिंगीने ती सुरेख रंगवली आणि पाठवून दिली. फोन नाही. खाली 'छान' एवढंच.

तेव्हा याच्या डोक्यात प्रकाश पडला. तिसऱ्या चित्रात, सशाच्या कानामागे, त्याने एक जोड ठेवला. या खेपेला मुद्दाम. फोन आला. मग ढगात ठेवला, आला. किटलीत ठेवला, आला. लबाडी होती, तो कुठे नाही म्हणत होता? पण दिवसभर 'आत येऊ नये' कापणाऱ्या माणसाने एक बारीकसं दार उघडं ठेवलं, तर बिघडलं कुणाचं?

झेरॉक्सबाई भुवया उडवून म्हणायच्या, "पुन्हा फट राहिली वाटतं?" तो पुढचा कागद मशीनवर ठेवायचा.

पण पोरं मोठी होतात, मेली. एक दिवस फोनऐवजी निरोप आला. 'फट सापडली. मीच बुजवली.' त्याने पुढची फट केसाएवढी केली. 'बुजवली.' मग मात्र वेगळाच निरोप आला. 'बाबा, आई विचारते तुझा हात थरथरतो का? दर वेळी चुकतं.'

लाज वाटली त्याला. पोरीला काळजीत पाडून तिचा आवाज मिळवायचा, हा कसला बाप! त्या संध्याकाळी त्याने शेवटचं म्हणून एक मांजर काढलं. रेघ चौफेर बंद. तोंड काढलं नाही. पाठवताना लिहिलं, 'हात ठीक आहे. या वेळी चुकलेलो नाही.'

ते रंगवून परत आलं. फोन नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. त्या बिनतोंडाच्या मांजराकडे बघून त्याला रोज रडू यायचं, आणि मांजरही मग तसंच दिसायचं. त्याने चित्रं बंद केली. खुर्चीवरचे कपडे वाढत गेले.

मग एका दुपारी बाईंनी भिंतीवर थापा मारल्या. "अहो स्टेन्सिलवाले, या लवकर! तुमचं आलंय काहीतरी!"

पडद्यावर एक गोलमटोल प्राणी होता. मोठं कपाळ, एकमेकांपासून लांब डोळे, हातात कात्री, खिशात पट्टी. तोंड नाही. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कवायी बाबा. तू रंगव.'

त्याने ते 'कवा येई बाबा' असं वाचलं, आणि पुन्हा एकदा तसंच वाचलं.

"कुठला रंग?" बाईंनी विचारलं.

"गालाला गुलाबी द्या."

बाईंनी बटण दाबलं आणि सगळं पान गुलाबी झालं. कात्री, पट्टी, आभाळ, सगळं.

त्याने फोन लावला. "टिंगे, अगं, रंग सांडला."

तिकडे खुदखुदण्याचा आवाज आला. ती वाटच बघत होती. "मला माहितीये. मी जोड ठेवलाय. कुठे ते सांगणार नाही, तू शोध. मी फोन नाही ठेवत."

उभा जन्म रेघा कापण्यात गेलेला माणूस तो. पान गुलाबी व्हायच्या आधीच त्याला जोड दिसला होता. डाव्या हाताच्या करंगळीपाशी, चांगला बोटभर. बाईंनाही दिसला. त्यांनी बोट दाखवायला हात उचलला, तर त्याने तो हळूच खाली केला.

"नाही गं दिसत," तो म्हणाला, आणि स्टूल ओढून बसला. "कुठल्या बाजूने सुरुवात करू, सांग बरं."