ग्वांगझूची चहादाणी अंबरनाथला आली

मित्रांनो, तो रविवार इतर रविवारांसारखाच होता. अंबरनाथ पूर्वेच्या घरात कमळाकरकाकांनी माझ्यातला चहा आधी पत्नीला, गोदूबाईंना, ओतला. मग लेकीला, जिज्ञासाला. ओतायचा मान ते कोणाला देत नसत. जिज्ञासाने टेबलावर दोन बोटं वाजवली आणि काका खूश झाले.

मी जुनी, तपकिरी मातीची चहादाणी. चीनमधल्या ग्वांगझूच्या एका चहाघरात माझी उमेदीची वर्षं गेली. उकडलेल्या मऊ पदार्थांच्या बांबूच्या टोपल्या आणि माझा चहा, यांवर तिथली माणसं अख्खी सकाळ काढतात. जिज्ञासा तिकडे एका सत्रासाठी शिकायला आली होती. पहिल्याच दिवशी मैत्रिणींनी वाट्या विसळायला चहा ओतला आणि ही तो पिऊन मोकळी झाली. टेबलभर हसू उसळलं. मग चहाघराच्या म्हाताऱ्या मालकिणीने तिला शिकवलं: पहिला चहा भांड्यांचा, पुढचा मोठ्यांचा, आपला शेवटी. आपल्याला कोणी ओतला, तर गप्पा न तोडता टेबलावर दोन बोटं वाजवायची. झाले आभार.

पुढे माझ्या नळीचा टवका उडाला आणि मी फळीवर धूळ खात पडले. निघताना मालकिणीने मला जिज्ञासाच्या हाती दिलं.

इथे आल्या आल्या गोदूबाईंनी काथ्याने घासून वर्षानुवर्षांच्या चहाने माझ्यात मुरलेला रंग उतरवला आणि आल्याचा दुधाळ चहा भरला. जिज्ञासाने कपाळाला हात लावला. मला मात्र आलं आवडलं.

एकदा जिज्ञासाने तांदळाच्या पारीत कोलंबी भरून वाफवली.

"काय गो, मोदकात कोलबी? गणपती बघतोय," म्हणत काकांनी ताट रिकामं केलं.

बोटांची रीत तर त्यांच्या अंगवळणीच पडली. भाकरी वाढली की टकटक, रिक्षातून उतरताना दांडीवर टकटक.

"अवो, ढोलकी हाय का ती?" गोदूबाई विचारत.

"आभार मानतोय. तुला नाय कलनार."

"मंग तोंड नाय का तुमाला?"

पण मित्रांनो, बापाचे आभार तोंडाने मानायची या घरात सवय नव्हती. "पोरीला एवढ्या लांब कशाला धाडतोस?" असं नातलग म्हणाले, तेव्हा काका एकटे तिच्या बाजूने उभे राहिले होते. जिज्ञासाला त्याबद्दल बोलायचं असे. शब्द ओठांवर येत, आणि ती बोटं वाजवून वेळ निभावून नेई.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या रविवारनंतरची सकाळ उजाडली, पण काका झोपेतून उठले नाहीत.

बरेच दिवस मी कपाटात होते. काल गोदूबाईंनी मला बाहेर काढलं, साध्या पाण्याने विसळलं. "तुजा तो बिनदुधाचा कर आज," त्या लेकीला म्हणाल्या. मित्रांनो, मातीच्या भांड्याला काथ्या लावू नका, पण जपायच्या नावाखाली त्याला कोंडूनही ठेवू नका. हात फिरत राहिला की आम्ही टिकतो.

चहा गोदूबाईंनीच ओतला. जिज्ञासाची बोटं टेबलाशी आली आणि थांबली. तिने काकांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही पाठवलंत म्हणून मी गेले. फार मजा आली मला."