बाबांचं गलबत

म्युझियमचं तिकीट काढेपर्यंतच मायाने मला तीनदा विचारलं, "आई, फोटो काढशील ना? मॅडमना दाखवायचाय."

पहिलीतली माझी पोर वर्गात सांगून आली होती, की "म्युझियममधलं बुडालेलं गलबत माझ्या बाबांनी केलंय." मॅडम म्हणाल्या, असं खोटं बोलू नये. त्या दिवसापासून डबा अर्धा परत यायला लागला. विचारलं की म्हणायची, भूकच नव्हती. म्हणून सुट्टीच्या दिवशी अंबरनाथहून निघून, दोन एसट्या बदलून, वाटेत तिच्या उलट्या निस्तरत आम्ही तिघं समुद्रकाठच्या या गावी आलो.

खोटं नव्हतंच ते. माझा नवरा हेमंत उल्हासनगरला कॅम्प पाच भागातल्या फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करतो. जुन्या आरमारी लढाईत बुडालेल्या त्या गलबताच्या खऱ्या फळीचा पाण्याबाहेर काढल्यावर भुगा झाला, म्हणून म्युझियमच्या ठेकेदाराने त्याच्याकडून तशीच एक माणसाएवढी करून घेतली. जुनं सागवान तारेच्या ब्रशने खरवडायचं, मग व्हिनेगरमध्ये गंजके खिळे भिजवून केलेलं काळं पाणी त्याला पाजायचं. महिनाभर त्याच्या शर्टांचा आंबूस वास जाता जाईना. ठेकेदाराने फक्त बजावलं होतं, बाहेर बोलायचं नाही.

दोरीपलीकडे निळ्या दिव्याखाली ती फळी दिसली आणि माया टाचा उंचावून उभी राहिली.

"तीनशे वर्षं समुद्राच्या तळाशी!" गाईड सांगत होता. "ही भोकं बघा, किड्यांनी पोखरलेली."

"ड्रिलने पाडलीत," माया म्हणाली.

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "हुशार आहे हं!"

"आणि हे शिंपले वर्षानुवर्षं चिकटत गेलेले."

"ते मी निवडले! बाबांनी डिंकाने लावले."

"बेटा, दोरी सोड," गाईड म्हणाला. "ताई, जरा सांभाळा हिला. आणि मोबाइल आत ठेवा, फोटो अलाउड नाही."

मोबाइल पर्समध्ये टाकताना माझं डोकं फिरलं. "ती बरोबर बोलतेय," मी म्हटलं. "हिच्या बाबांनीच केलंय हे. हे काय, इथेच उभे आहेत."

सगळे वळले. हेमंत फळीकडे बघत होता. चेहऱ्यावर कसलं तरी खुळं समाधान, एवढ्या लोकांत एकालाही ओळखू आलं नाही याचं.

"काय हो, खरं का?" गाईडने विचारलं.

माया हेमंतच्या शर्टाचं टोक धरून वर बघत होती.

"नाही हो," हेमंत हसला. "लहान आहे ती."

बाहेर आल्यावर पायरीवरच मी त्याला धरलं. "जीभ का नाही उचलली तुझी?"

"ठेकेदाराला शब्द दिलाय मी. पुढचं कामही त्याच्याचकडे आहे."

"आणि हिला?"

"अगं, हिला काय कळतंय!" मग माझं तोंड बघून आवाज खाली आणला. "बरं बाई. सोमवारी मी येतो शाळेत. सांगतो तिच्या मॅडमना. झालं?"

चला, एवढं तरी, असं माझ्या मनात आलं. माया खाली बसून सँडलचा पट्टा लावत होती. मान वर न करता म्हणाली, "नको. बाबा तिथेपण नाहीच म्हणतील."

हेमंत तिच्यासमोर उकिडवा बसला, पट्टा लावून द्यायला हात पुढे केला. तिने पाय मागे घेतला.