पदमबाची ठेकी

खगेंद्र कार्कीची अकरा खच्चरं होती, आणि पुढच्या खच्चराच्या गळ्यातली घंटा सगळ्या वाटेला पाठ होती. घंटा वाजली की चुलीपुढच्या बाया न बघताच म्हणायच्या, "कार्की आला." आणि यंदा लगेच पुढचं यायचं, "आज पण कोरडाच जाणार बघ."

कारण यंदा तो पांढऱ्यात होता. बाप गेलेला. त्यांच्यात बाप गेला की मुलानं वर्षभर पांढरं नेसायचं, चामडं पायात घालायचं नाही, दिवसातून एकदाच खायचं, ते पण आपल्या हातानं शिजवून. आणि दह्याला शिवायचं नाही. आई गेली तर दूध बंद, बाप गेला तर दही बंद. असं का, ते पुरोहितालाही सांगता येत नाही. चालत आलंय.

घरी बसणाऱ्याला हे जमून जातं. पण खच्चरवाल्याचं सगळं आयुष्यच दुसऱ्याच्या चुलीवर. खालच्या बाजारातून तांदूळ, मीठ, गॅसच्या टाक्या लादायच्या आणि सहा मुक्काम करत वर जायचं. पहिल्या मुक्कामाला मगर जमातीची एक काकी, सगळ्यांची मगरीण, सेल तळायची, तांदळाच्या पिठाची गोल कडी, तुपात टाकली की फुगून हसायची. पुलापलीकडे नाचणीचा ढिंडो, वाफाळता, बोटानं तोडून गुंद्रुकाच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याच्या, आंबूस रश्शात बुडवून गिळायचा. त्याच्या वर राई जमातीच्या लोकांची वस्ती. तिथं सोयाबीन उकडून, नेच्याच्या पानात गुंडाळून चुलीशेजारी आंबवतात, किनेमा म्हणतात. वास असा की नवखा माणूस आधी आपल्या पायातले मोजे हुंगून बघतो. आणि एकदा चव लागली की तोच माणूस दुसऱ्यांदा पान पुढं करतो.

चार वर्षं खगेंद्र हे खात आला होता. आणि यंदा अकरा महिने पडवीत तीन दगड मांडून आपला भात आपण शिजवत होता.

"कार्की, वास घेतलेला चालतो का रे तुमच्या पुरोहिताला?" मगरीण विचारायची.

"वासावर अजून बंदी आली नाही काकी. तेवढा पोटभर घेऊ द्या."

हसायचा. पण पाळायचा कडक. आजकाल कितीतरी लोक पंचेचाळीस दिवसांत उरकतात. सहा महिन्यांत तर निम्मा गाव रंगीत कपड्यात येतो. त्याला पण सगळे म्हणाले, "अरे, धंदा वाटेवरचा तुझा, सहा महिने खूप झाले." तो ऐकून घ्यायचा आणि तांदूळ धुवायला जायचा.

त्यामागं कारण होतं, आणि ते फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक तो. दुसरी सिमघारीच्या मुक्कामावरची दिलशोभा राई.

खगेंद्रचा बाप पदमबा. डोंगरावर म्हशींचा गोठ, म्हणजे गोठा आणि त्यालाच लागून झोपडी, उन्हाळा-हिवाळा तिथंच. त्याच्या दह्याचं नाव होतं. दही लावायच्या आधी ठेकी, म्हणजे दह्याचं लाकडी भांडं, तो धूपीच्या झाडाच्या जळत्या फांद्यांवर उपडी धरून धुरवायचा. बाकीचे लोक नुसत्या गरम पाण्यानं धुवायचे. त्यामुळं पदमबाच्या दह्याला एक धुरकट, राळेसारखा वास असायचा. विरजणही त्याच्या बापापासूनचं, कधी न तुटलेलं. खगेंद्रनं म्हशी सोडून खच्चरं घेतली तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "दूध देणारं सोडून लाथ मारणारं घेतलंस." त्यावर दोघं जे अडून बसले ते चार वर्षं. बोलायचे, पण कामापुरतं. पाऊस, चारा, बस.

मागच्या कार्तिकात म्हातारा गोठावरून अर्धा दिवस उतरून सिमघारीला आला. पाठीवर ठेकी, तोंडाला पान बांधलेलं. दिलशोभाच्या अंगणात खच्चरं लादून तयार होती.

"दही आणलंय," म्हातारा म्हणाला.

"ठेवा तिथं. परतताना खाईन." खगेंद्र पट्टा आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

म्हाताऱ्यानं ठेकी दिलशोभाच्या ओट्यावर ठेवली. थोडा वेळ उभा राहिला. एका खच्चराच्या मानेवर हात फिरवला. मग आला तसा चढून गेला. तिसऱ्या दिवशी गोठातच गेला. खगेंद्रला निरोप मिळाला तो वरच्या मुक्कामाला. आडवाटेनं धावत घरी पोचला तेव्हा धाकट्या भावानं अग्नी देऊन चार दिवस झाले होते.

दोन्ही भावांनी दही सोडलं. आमाही, म्हणजे त्यांची आई, पांढऱ्यात. घरात खाणारं कोणी नाही, मग लावणार कोण? दूध सगळं बाजारात जायला लागलं. एवढी दोन पिढ्यांची वस्तू, आठ दिवसांत विरजण संपलं. आमा एकदाच म्हणाली, "विरजणही घेऊनच गेले." परत तो विषय काढला नाही.

सिमघारीच्या ठेकीचं काय झालं, हे खगेंद्रनं कधी विचारलं नाही. दिलशोभाकडं मुक्काम चुकत नव्हता, पण तो घरात शिरायचा नाही. लाकडं घ्यायचा, पडवीत शिजवायचा. ती बोलायला आली आणि बोलणं त्या दिवसाच्या जवळपास जायला लागलं की हा उठून खच्चरांचे खूर बघायचा. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. टाकून दिलं, नाहीतर कोणी वाटसरूनं खाल्लं. दोन्ही ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्याच्या मनानं घेतलं होतं, बापाचं दही आपण नाकारलं, आता वर्षभर दही न खाऊन ते फेडायचं. एक दिवस कमी नाही.

दसईं, त्यांचा दसरा, झाला. कपाळाला टिळा नाही, घरात बोकड नाही. एक महिना उरला होता.

त्या फेरीला काठमांडूचं एक जोडपं त्याच्याबरोबर चालत होतं. गावोगावचं खायला निघालेले. पोरगी प्रत्येक ताटाचा फोटो काढायची आणि नवरा फोटो होईपर्यंत उपाशी.

"दाजू, ढिंडो चांगला कुठला?" ती विचारायची.

"पुलापलीकडचा. पण चावू नका, गिळा. चावला की दातांना चिकटतो, मग रात्रीपर्यंत तोच."

"तुम्ही नाही खात?"

"मी आठवतो. माझं आठवून भागतं."

सिमघारीला दोघांनी दिलशोभाकडं दही मागितलं. खगेंद्र पडवीत तांदूळ निवडत होता. आतून पोरीचा आवाज आला, "अय्या, ह्याला धुराचा वास आहे! असं दही मी जन्मात नाही खाल्लं."

खगेंद्रचा हात सुपात थांबला. मग त्यानं मनाशी म्हटलं, चुलीवर टांगलं की कशालाही धुराचा वास येतो. आणि तांदूळ वैरले.

जोडपं दुसऱ्या वाटेनं गेलं. तो माल पोचवून रिकामी खच्चरं घेऊन परत निघाला आणि खिंडीत गारांनी गाठला. पायात कापडी बूट, अंगावर पांढरं सुती. चामड्याचे बूट खोगिराला बांधलेले होते, पण घातले नाहीत. सिमघारीच्या अंगणात पोचला तेव्हा दात वाजत होते आणि तो पुढच्या खच्चराला "बा" म्हणून हाक मारत होता.

दिलशोभानं त्याला हाताला धरून आत नेलं, चुलीजवळ निजवलं. अकरा खच्चरांची खोगिरं एकटीनं उतरवली. दीड दिवस तो तापात होता. भात गिळवेना, पाणी उलटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जाग आली. दारातून ऊन आलं होतं. दिलशोभा डोक्याशी बसून त्याला चमच्यानं काहीतरी भरवत होती. मक्याच्या पिठाची पातळ पेज, गार, थोडी आंबट.

"गीळ. चांगलं जातंय आता. सकाळपासून निम्मं वाडगं गेलं."

त्यानं गिळलं. अजून एक चमचा. आणि मग जिभेच्या मागं तो वास आला.

तो उठून बसला. "दीदी, यात काय आहे?"

"पेज आहे. तुझ्या हातची नाही, कबूल. पण तुझा हात चमचा धरत नव्हता. पुरोहिताला माझं नाव सांग."

"काय घातलंय त्यात?"

"दही. दुधाला शिवले नाही हं मी! चांगली आठवण ठेवली. म्हैस दोन वेळा दूध देते, पण म्हटलं, बाप गेलेला माणूस, दूध चालायचं नाही, दहीच घालू."

खगेंद्र तिच्याकडं बघत राहिला. "दीदी," तो म्हणाला, "दूध आई गेल्यावर. बाप गेल्यावर दही."

दिलशोभाच्या हातातला चमचा तसाच राहिला. राईंच्यात हे दूध-दह्याचं काही नाही. ऐकून ऐकून जेवढं डोक्यात राहिलं तेवढंच तिचं. आणि ते उलटं राहिलं होतं.

"अरे देवा," ती म्हणाली. "अकरा महिने... माझ्या हातानं..." तिनं पदरानं तोंड धरलं. "मला मार दोन. मार, पण असा बघत बसू नको."

"हा वास धूपीचा आहे," खगेंद्र म्हणाला. "दही कुठलं?"

तिनं वर बघितलं. चुलीवरच्या फळीवर एक ठेकी होती, काळपट, काठाला तांब्याची पट्टी. एका जागी पट्टी तुटून तारेनं बांधलेली. ती तार खगेंद्रनंच बांधली होती, लहान असताना.

"तू म्हणालास, ठेवा तिथं," दिलशोभा हळू म्हणाली. "मी ठेवलं. आठ दिवसांनी कळलं, म्हातारा गेला. तोवर दही आंबून चाललेलं. टाकवेना. म्हणून चमचाभर काढून दुधाला लावलं. मग दुसऱ्या दिवशी परत. म्हाताऱ्यानं जाता जाता मला सांगितलं होतं, ठेकी धूपीवर धुरव, नाहीतर माझं दही रुसतं. तसं केलं. आज अकरा महिने. एक दिवस पण मोडला नाही."

"सांगितलं नाहीस."

"सांगू कधी? तू आलास की खच्चराचे खूर बघायचास. म्हटलं, वर्ष होऊ दे. पांढरं उतरलं की ठेकी देईन, हे घे म्हणेन, तुझ्या बापाचं आहे. आणि आता हे करून बसले." तिनं वाडगं उचललं. "हे टाकते. झालं तेवढं बास. तापात होतास, तुला कळलं नाही. तुझ्यावर काही नाही."

बाहेर खच्चरं चारा चावत होती. घंटा मधूनच एकदा वाजायची.

खगेंद्रनं हात पुढं केला. "आण इकडं."

"अरे, पण..."

"आण."

त्यानं वाडगं दोन्ही हातांत घेतलं. आत अर्धी पेज होती. त्यानं चमचा बाजूला ठेवला आणि तोंडाला लावून सावकाश प्यायला. मध्ये दोनदा थांबून फळीवरच्या ठेकीकडं बघितलं. मग परत प्यायला. तळाला राहिलेलं बोटानं पुसून घेतलं. पदमबाला ताटात उरलेलं आवडायचं नाही.

दिलशोभा उठून बाहेर गेली आणि खच्चरांवर उगाच ओरडायला लागली.

ताप उतरल्यावर तो घरी गेला. ठेकी माल लादायच्या खच्चरावर घातली नाही, पाठीवर घेतली. निघताना दिलशोभानं स्वतःसाठी चमचाभर काढून ठेवलं होतं. आमा अंगणात मका सोलत होती. ठेकी बघितली आणि तिचे हात थांबले. तिनं पान बाजूला करून आत नाक घातलं.

खगेंद्रनं सगळं सांगितलं. ते "ठेवा तिथं" पण सांगितलं. आजपर्यंत घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

"पुरोहित म्हणेल, तापात चुकून गेलं, गोमूत्र शिंपडा, झालं," आमा म्हणाली.

"अर्धं चुकून गेलं, आमा. उरलेलं माहीत असून प्यायलो."

"हं."

"म्हणून परत धरणार. कार्तिकात धाकटा पांढरं उतरवेल. मी नाही. माझं वर्ष परवा प्यायलो तिथपासून."

आमा मक्याच्या कणसाकडं बघत होती. तिला वाटलं असतं तर ती नको म्हणाली असती. तिनं एवढंच विचारलं, "फार आंबट होतं का?"

"नाही. बा लावायचा तसंच."

ती उठली. दूध चुलीवर होतंच. ते कोमट केलं, ठेकीतलं चमचाभर काढून घातलं, ढवळलं, झाकलं, वर जुनी घोंगडी गुंडाळली. लेकराला पांघरूण घालावं तशी.

"तोवर मी रोज लावत जाईन. महिन्यानं धाकटा खाईल," ती म्हणाली. "तू वाढ त्याला. आणि बाजारातून नवं पांढरं कापड आण. हे पार मळलंय, अजून वर्षभर नाही टिकायचं."