रांजणाशेजारी टांगलेला तापमापक

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. मला मान असती, तर ती आज खाली गेली असती.

माझी उमेदीची वर्षं बोईसरच्या एका कापड कारखान्यात गेली. तिथे माझा आकडा कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे आणि त्याचा मला भारी तोरा होता. नवी यंत्रं आली तसा मी कपाटात पडलो. मग दीपिका नावाच्या इंजिनिअर मुलीने मला मागून नेलं आणि मासवणजवळच्या मुलींच्या वसतिगृहात, ओसरीच्या सावलीत टांगलं.

वसतिगृहाला पत्र्याचं छप्पर. त्याखाली उष्णता अडवणारं छत घालायचं की नुसते पंखे पुरतील, हे तिला ठरवायचं होतं. स्वयंपाक करणाऱ्या जमनामावशींना ती समजावत होती, "चोवीस अंशांपर्यंत माणसाला सोसतं असं धरू. दिवसाची सरासरी तीस आली, तर त्या दिवसाचे सहा. अशी वर्षभर बेरीज करायची. त्याला अंश-दिवस म्हणतात. बेरीज मोठी, तर थंडाव्याची गरज मोठी." सरासरी काढता यावी म्हणून मावशींनी रोज पहाटे आणि दुपारी माझा फोटो पाठवायचं कबूल केलं.

पण काचेची वस्तू, उन्हाळ्यात तडकायची, या काळजीने होळीनंतर मावशींनी मला उचललं आणि मागच्या पडवीत पाण्याच्या रांजणाशेजारी टांगलं. खोटं कशाला बोलू, ओल्या भिंतीला पाठ टेकून मी सुखावलो. आकडे नीट दिसावेत म्हणून मावशी अगदी जवळून फोटो काढत. त्यामुळे दीपिकाला रांजण कधी दिसलाच नाही. वर्षाची बेरीज लहान आली. तिने वसतिगृह चालवणाऱ्या कार्यालयाला पंखे पुरतील असं लिहून दिलं, आणि पंखेच आले.

पुढच्या उन्हाळ्यात सातवीतली जिवली अभ्यास करता करता चक्कर येऊन पडली. तिला उचलून माझ्याच पडवीत निजवलं, डोक्यावर पाणी थापलं. पत्र्याखाली पोर भाजून निघाली होती आणि माझा पारा बेतानेच चढलेला होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दीपिका त्याच दिवशी आली. मावशी तिला कौतुकाने म्हणाल्या, "तुमची वस्तू मी जपली हाय ताई. उनाची झळ लागू दिली नाय."

दीपिकाने रांजण पाहिला, ओल्या भिंतीला हात लावला. मग आवाज न चढवता तिने सांगितलं, की गारव्यातल्या या आकड्यांमुळेच बेरीज लहान आली आणि छत राहून गेलं. "चूक माझी आहे, मावशी. मी एकदा येऊन बघायला हवं होतं."

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "म्हंजे याला गारव्यात ठेवला, आन पोरींना पत्र्याखाली?"

दीपिकाने मला खिळ्यावरून उतरवलं.

आता मी पुन्हा ओसरीत आहे. छतासाठी दीपिका कार्यालयात खेटे घालते आहे, पण ते या उन्हाळ्यात काही येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे सगळे तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसं मागणार नाही. तुम्ही राहता तिथलीच हवा मला लागू द्या, नाहीतर तुम्ही किती तापता ते कुणाला कळायचं नाही. जपायचंच असेल तर जिवलीला जपा. ती आत्ता पत्र्याखाली बसून गणितं सोडवते आहे.