इथे थांबले

वॉशिंग मशीनने काम संपल्याची टुणटुण वाजवली आणि तासभर टिकलेली घरातली शांतता मोडली. रुचिराचं वाक्य अर्ध्यावर होतं. तिने त्याच्याखाली मराठीत टाइप केलं, ‘इथे थांबले, मशीन’, आणि कपडे काढायला उठली.

गेल्या तीन महिन्यांची ही सवय. बाकी लिखाण सगळं इंग्रजीत. त्यात मराठी ओळ दिसली की नजर आपोआप अडते आणि तुटलेला धागा हाती लागतो. लिहीत होती ती एका टूलची माहितीपुस्तिका. एआय एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने लांबलचक कामं उरकणारा प्रोग्रॅम, मध्येच बंद पडला तर तो कुठवर आला होता याची नोंद ठेवायची आणि त्याला पुन्हा तिथूनच कामाला लावायचं, हे त्या टूलचं काम. बासष्ट पानं झाली होती. पहिल्या पानावर तिचं नाव होतं. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून तिने दुसऱ्यांचीच पानं तपासली होती. स्वतःचं नाव आत्ता कुठे लागत होतं.

कपडे टबात काढतानाच तिच्या टीमचा प्रमुख देवदत्त याचा व्हिडिओ कॉल आला. शेजारच्या चौकटीत सौरभही होता, आठ महिन्यांपूर्वी कामाला लागलेला.

“पहिलं वाक्य झकास जमलंय,” देवदत्त म्हणाला. “‘थांबणं ही एजंटची चूक नव्हे.’ क्लायंटला हेच हवंय. पण खाली हे काय गं? ‘इथे थांबले, कुकर.’ ‘इथे थांबले, गार्गी.’ परत गार्गी. ‘इथे थांबले, हर्षदचे मोजे.’ अगं, मोजे?”

सौरभला हसू फुटलं. मग त्याने घाईघाईने माइक बंद केला.

“खुणा आहेत माझ्या. शेवटी काढणारच होते.”

“क्लायंटने उघडलं असतं तर वाट लागली असती यार. असं करू, पुढचं सौरभकडे देऊ. पहिल्या पानावर नाव त्याचं टाकू, तुझं आत कुठेतरी येईलच. त्याला निदान सलग बसता येतं ना.”

रुचिराच्या हातात टॉवेल होता. मशीनमधून पिळूनच आलेला, तरी तिने तो असा पिळला की चार थेंब लादीवर पडले.

“बासष्ट पानं मी लिहिलीत, देवदत्त.”

“नाही कोण म्हणतंय?”

“तू. आत्ताच.”

रुचिराने टॉवेल टबात टाकला.

“चारच्या आत साफ करून पाठवते. नाव माझंच राहील. आणि मोजे वाचून दाखवलेस ना, तसंच ते पहिलं वाक्यही परत एकदा वाच. सौरभलाही ऐकव.”

“चिडतेस काय लगेच! ठीक आहे, चार. पण एकही खूण दिसायला नको.”

कॉल संपतो न संपतो तोच बेडरूमचं दार किलकिलं झालं. हर्षदच्या गळ्यात हेडफोन होता.

“रुची, आज गार्गीला तू आण ना. माझी मीटिंग लांबलीय.”

“आज तुझी पाळी आहे.”

“हो गं, पण तू घरीच आहेस ना.”

“आणि तू कुठे आहेस? साकीनाक्याच्या ऑफिसात?”

तो मनापासून हसला, आणि त्याने दार लावून घेतलं.

शेवटी स्वतःच बालवाडीतून आणलेल्या गार्गीला वरणभात भरवून, तिला मांडीवर घेऊनच रुचिरा लॅपटॉपसमोर बसली. तिने खुणा शोधल्या. त्रेचाळीस. कुरिअर, हर्षद, सासूबाईंचा फोन, गॅसवाला, हर्षद, हर्षदची चावी. गार्गीच्या फक्त तेरा. तीन महिने ती भेटेल त्याला सांगत आली होती, पोरगी काही करूच देत नाही हो.

तिने आधी हर्षद काढला. बटणं इतक्या जोरात दाबली की टेबलावरचं फुलपात्र किणकिणलं. मग कुरिअर, फोन, कुकर, मशीन. अर्धी राहिलेली वाक्यं पुरी केली. तीन वीस झाले. उरल्या त्या तेरा.

“आई, हे गार्गी आहे. माझ्या पाण्याच्या बाटलीवर आहे तसंच.”

“हो गं माझी हुशार बाय.”

“हे पण गार्गी. आणि हे पण! सगळीकडे मीच?”

रुचिराने तिच्या केसांवर ओठ टेकले. केसांना बालवाडीतल्या मातीचा वास होता. एका हाताने तिला आवळून धरत तिने दुसऱ्या हाताने पहिली ओळ काढली. मग दुसरी. तिसरी.

गार्गीचं हसू मावळलं. नाव होतं त्या रिकाम्या जागेवर तिने बोट टेकवलं, थोडं घासून पाहिलं आणि मान मागे वळवली.

“आई, मला का पुसतेस?”